सरकत्या कीबोर्डचा स्वस्त फोन: बटणे कशासाठी आली आणि का गेली

२०२४च्या जानेवारीत क्लिक्स नावाच्या कंपनीने आयफोनला खालच्या बाजूने जोडता येईल असे बटणांचे कव्हर जाहीर केले, आणि तेव्हापासून बटणांचे फोन परत येत असल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. अशी बातमी आली की घरोघरी दोन प्रश्न हमखास निघतात. ज्यांनी बटणांवर टाइप केलेले आहे ते विचारतात की इतकी चांगली सोय कंपन्यांनी काढूनच का टाकली. ज्यांनी आयुष्यात काचेवरच टाइप केले आहे त्यांना मुळात फोनला कीबोर्ड कशासाठी लागत होता, हेच उमजत नाही. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच वस्तूत सापडते, ती म्हणजे स्मार्टफोनच्या सुरुवातीच्या काळातला, सामान्य माणसाला परवडावा म्हणून बनवलेला, पोटातून कीबोर्ड बाहेर सरकणारा फोन. या लेखात उदाहरण म्हणून मी मुख्यतः सॅमसंग इंटरसेप्ट हा २०१० साली अमेरिकेत विकला गेलेला फोन घेतो आहे, कारण त्याच्या प्रत्येक भागावर किमतीचा दाब स्पष्ट दिसतो. त्याच्या आधीचा, म्हणजे २००८चा, अँड्रॉइडवर चालणारा जगातला पहिला फोन जी-१ हाही मधूनमधून येईल.

फोन नेमका कसा होता

इंटरसेप्ट हातात धरला तर समोर ३.२ इंचांची काच दिसते. फोन आडवा धरून काचेच्या कडेला अंगठ्याने रेटा दिला की वरचा अर्धा भाग सरकतो आणि खालून बटणांच्या रांगा उघड्या पडतात. या रचनेत एक गंमतीची जागा आहे. सरकवताना पहिली अर्धी वाट आपल्याला जोर लावावा लागतो, पण मध्य ओलांडला की उरलेली वाट फोन स्वतःच पूर्ण करतो आणि ‘खट्’ असा आवाज होऊन जागेवर बसतो. हे काम आतल्या वळलेल्या स्प्रिंगचे असते. मध्यापर्यंत ती आपल्या विरुद्ध ढकलते आणि मध्यानंतर आपल्या बाजूने. म्हणूनच असा फोन अर्धवट उघडा राहत नाही. बंद करतानाही हाच प्रकार उलट दिशेने घडतो.

दोन भाग एकमेकांवरून सरकतात, तर वरच्या स्क्रीनला खालच्या बॅटरीतून वीज कशी मिळते? त्यासाठी दोन्ही भागांमध्ये कागदासारखी पातळ, वाकणारी पट्टी असते, जिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा छापलेल्या असतात. ही पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी दुमडून ठेवतात आणि फोन सरकेल तशी ती दुमड पुढेमागे लोळते. दिवसातून पन्नास वेळा फोन उघडला, तर वर्षात ती पट्टी अठरा हजारांहून अधिक वेळा उघडझाप सोसते. सरकत्या फोनांचे आयुष्य बहुधा या पट्टीवरच अवलंबून असे.

एवढ्या काचेवर बोट कुठे मावणार?

कीबोर्ड का लागत होता, हे समजायला एक साधे गणित पुरते. इंटरसेप्टच्या स्क्रीनवर आडवे २४० आणि उभे ४०० ठिपके होते. ३.२ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप आहे. त्यावरून हिशेब केला तर काचेची रुंदी साधारण ४२ मिलिमीटर आणि लांबी साधारण ७० मिलिमीटर निघते. इंग्रजी कीबोर्डच्या वरच्या रांगेत दहा अक्षरे असतात. म्हणजे फोन उभा धरून काचेवर कीबोर्ड आणला, तर एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम ४.२ मिलिमीटर येतात. अँड्रॉइडची ॲप बनवणाऱ्यांना पुढे जे मार्गदर्शन दिले गेले, त्यात बोटाने दाबायची कोणतीही जागा साधारण ९ मिलिमीटरांची असावी असे म्हटले आहे. इथे त्याच्या निम्मीही जागा नव्हती.

फोन आडवा केला तर प्रत्येक अक्षराला ७ मिलिमीटर मिळत, पण मग काचेची उंची उरे फक्त ४२ मिलिमीटर, आणि तिच्यातला निम्म्याहून मोठा भाग कीबोर्डच खाई. आपण कोणाला उत्तर देत आहोत, त्याने काय लिहिले होते, हे पाहायला जागाच उरत नसे. पोळ्या लाटायला ओटा हवा, पण ओट्यावर शेगडीच ठेवलेली आहे, अशी ती अडचण होती. सरकता कीबोर्ड म्हणजे ओट्याखालून ओढून काढायची जादा फळी. काच पूर्णपणे वाचायला मोकळी राहते आणि लिहिण्याचे काम खालच्या मजल्यावर चालते.

आता आजचा फोन घेऊन हेच गणित करावे. साडेसहा इंचांच्या लांबट स्क्रीनची रुंदी सुमारे ६८ मिलिमीटर भरते. म्हणजे इंटरसेप्टची काच जेवढी लांब होती, तेवढा आजचा फोन जवळपास रुंदच आहे. आपण आज फोन उभा धरून टाइप करतो, तेव्हा खरे तर त्या जुन्या फोनच्या आडव्या कीबोर्डाइतकीच जागा वापरत असतो, आणि वर हातभर स्क्रीन मोकळी असते. कीबोर्ड गेला त्याचे निम्मे उत्तर इथेच आहे, असे माझे मत आहे. बाकीच्या कारणांची चर्चा बरीच होते, पण हे मोजमाप सहसा कोणी मांडत नाही.

बटण दाबले की आत काय होते

बटणाखाली पोलादाची एक इवलीशी, वरून फुगीर चकती असते. जॅमच्या बाटलीचे झाकण मधोमध दाबले की जसे ‘टक्’ करून आत जाते आणि सोडले की परत वर येते, तसेच तिचे वागणे असते. चकती खाली बसली की तिच्या खालच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या जातात आणि फोनला कळते की काहीतरी दाबले गेले. बोटाला जी टक् जाणवते, ती याच चकतीची. अक्षर उमटले की नाही हे पाहण्यासाठी नजर खाली वळवावी लागत नाही, कारण बोटालाच पावती मिळालेली असते.

पण चाळीस बटणे असतील तर चाळीस जोड्या तारा ओढायच्या काय? तसे केले तर चिपकडे जाणाऱ्या एवढ्या तारांना जागाच पुरणार नाही. म्हणून बटणे आडव्या आणि उभ्या ओळींच्या जाळीत बसवतात. नाट्यगृहात प्रत्येक खुर्चीला वेगळे नाव दिलेले नसते. ‘रांग ग, खुर्ची १२’ एवढे सांगितले की जागा नेमकी सापडते. त्याचप्रमाणे पाच आडव्या आणि आठ उभ्या तारा अशा तेरा तारांत चाळीस बटणे ओळखता येतात. फोनची चिप एकेका आडव्या तारेत क्षणभर विजेचा संकेत सोडते आणि तो कोणत्या उभ्या तारेतून परत येतो हे तपासते. सगळ्या रांगांची ही फेरी सेकंदाला अनेक वेळा होत राहते. चकती खाली बसताना किंचित थरथरते, त्यामुळे एकदाच दाबलेले अक्षर दोनतीनदा उमटू नये म्हणून चिप काही मिलिसेकंद थांबते आणि मगच ते अक्षर ग्राह्य धरते.

या कीबोर्डवरून गेलेले अक्षर फोनमध्ये नेमके कुठे पोहोचते, याची एक अस्सल घटना सांगण्यासारखी आहे. नोव्हेंबर २००८मध्ये जी-१ वापरणाऱ्यांच्या असे लक्षात आले की नव्या ओळीवर ‘रीबूट’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटरचे बटण दाबले की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कारण असे होते की फोन तयार करताना तपासणीसाठी वापरलेली, सर्वाधिकार असलेली एक आज्ञाखिडकी पडद्यामागे उघडीच राहून गेली होती, आणि कीबोर्डवर टाइप केलेले प्रत्येक अक्षर निरोपाच्या चौकटीबरोबरच तिच्याकडेही जात होते. गप्पा मारताना लिहिलेला शब्द तिने हुकूम म्हणून पाळला. थोड्याच दिवसांत अपडेट पाठवून ही खिडकी बंद करण्यात आली. आपण बटण दाबतो तेव्हा अक्षर थेट कागदावर उमटत नाही, ते आधी ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते आणि ती ठरवते की ते कोणाच्या हाती द्यायचे. टपालातल्या वर्गवारीच्या टेबलासारखे हे काम असते, हे या घटनेइतके दुसरे काही स्पष्ट करून सांगत नाही.

२५० डॉलर म्हणजे स्वस्त कसा?

इंटरसेप्ट अमेरिकेत दोन मार्गांनी विकला गेला. जुलै २०१०मध्ये स्प्रिंट या मोबाइल कंपनीने तो दोन वर्षांच्या करारावर, सवलत वजा जाता सुमारे १०० डॉलरला दिला. त्याच वर्षी व्हर्जिन मोबाइल या प्रीपेड कंपनीने तोच फोन कोणत्याही कराराशिवाय सुमारे २५० डॉलरला दिला. त्या वर्षी डॉलर साधारण ४५-४६ रुपयांना होता, म्हणजे हा फोन साडेअकरा हजारांच्या घरात जातो. १०० डॉलरचा फोन महाग आणि २५० डॉलरचा स्वस्त, असे कोणी म्हटले तर भारतीय वाचकाला ते उलटे वाटेल, कारण आपल्याकडे फोन दुकानातून पूर्ण किंमत देऊन घ्यायचा आणि सिमकार्ड वेगळे घ्यायचे ही रीत बहुतांशी पहिल्यापासून आहे.

अमेरिकेत तेव्हा फोनची खरी किंमत बिलात दडलेली असे. जी-१चेच पाहा. करारासह तो १७९ डॉलरला मिळत होता आणि करार नको असेल तर ३९९ डॉलरला. मधले २२० डॉलर कंपनी स्वतःच्या खिशातून घालत असे आणि २४ महिन्यांच्या बिलांतून परत मिळवत असे. महिन्याला ते नऊ डॉलरांहून थोडे अधिक होतात. फ्रिज हप्त्याने घ्यावा, पण हप्ता किती आणि विजेचे बिल किती हे वेगळे दाखवलेच जाऊ नये, असा तो व्यवहार असे. शिवाय करार मध्येच मोडला तर दंड बसे.

व्हर्जिन मोबाइलच्या ग्राहकाने फोनसाठी २५० डॉलर एकदाच मोजले की महिन्याचा सर्वांत स्वस्त प्लॅन २५ डॉलरचा होता, त्यात ३०० मिनिटांचे बोलणे, तसेच अमर्याद संदेश आणि इंटरनेट मिळत असे. दोन वर्षांचा सगळा खर्च ८५० डॉलर. यात क्रेडिटचा इतिहास तपासण्याचा प्रश्न नव्हता, आणि पैसे नसतील त्या महिन्यात रिचार्ज न करण्याची मोकळीक होती. ज्याच्या नावावर बँकेचा भक्कम इतिहास नाही, अशा विद्यार्थ्याला किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्याला स्मार्टफोनचे दार उघडले ते अशा प्लॅनमुळे. व्हर्जिनचे स्वतःचे टॉवर नव्हते; तिचा सगळा कारभार स्प्रिंटच्या जाळ्यावर चाले. दुसऱ्याच्या गाडीतली जागा ठोकात विकत घेऊन किरकोळीत तिकिटे विकावीत, तसा हा धंदा. व्हर्जिन मोबाइल हे नाव आपल्याकडेही २००८मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसबरोबर आले होते, त्यामुळे काही वाचकांना ते आठवत असेल.

यात एक मेख होती. स्प्रिंटचे जाळे सीडीएमए पद्धतीचे होते आणि त्या फोनात सिमकार्ड घालायची सोयच नसे. फोन कंपनीशी कायमचा बांधलेला असे. रिलायन्स किंवा टाटा इंडिकॉमचे सीडीएमए फोन ज्यांनी वापरले, त्यांना कंपनी बदलली की चांगला फोनही कसा निरुपयोगी होतो, हे सांगायला नको.

पैसे कुठे वाचवले, आणि त्याची किंमत कोणी मोजली

सरकती रचना करायची म्हणजे जादा स्प्रिंग, पट्टी, चकत्या आणि दुहेरी कवच आले. हा खर्च करूनही फोन स्वस्त ठेवायचा तर दुसरीकडे काटकसर करावीच लागते. सॅमसंगचाच मोमेंट हा फोन सुमारे आठ महिने आधी स्प्रिंटकडे आला होता. त्यातही सरकता कीबोर्ड होता, ३.२ इंचांचीच काच होती आणि ८०० मेगाहर्ट्झचीच चिप होती, पण त्याच्या स्क्रीनवर ३२० गुणिले ४८० ठिपके होते आणि ती अधिक उजळ अशा ॲमोलेड प्रकारची होती. इंटरसेप्टमध्ये ठिपके २४० गुणिले ४०० वर आले. तेवढ्याच जागेत एक लाख त्रेपन्न हजारांऐवजी शहाण्णव हजार ठिपके, म्हणजे अक्षरे भरड दिसणार. नंतर आलेला फोन आधीच्यापेक्षा सरस असलाच पाहिजे ही आपली समजूत स्वस्त फोनांच्या बाबतीत टिकत नाही.

दुसरी काटकसर मेमरीत होई, आणि तिचा जाच अधिक. इथे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. एक असते साठवणीची मेमरी, ती म्हणजे घरातले फडताळ. दुसरी चालू कामाची मेमरी, तिला रॅम म्हणतात, ती म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. जी-१चे फडताळ २५६ एमबीचे आणि ओटा १९२ एमबीचा होता. आजच्या साध्या १२८ जीबीच्या फोनचे फडताळ याच्या ५१२ पट असते. शिवाय त्या २५६ एमबीतला मोठा भाग ऑपरेटिंग सिस्टिमच व्यापत असे. बाहेरून मेमरी कार्ड घालता येई, पण त्यावर फोटो आणि गाणीच ठेवता येत; ॲप कार्डावर ठेवण्याची सोय अँड्रॉइडने २.२ या आवृत्तीत, म्हणजे मे २०१०मध्ये दिली. इंटरसेप्ट त्यानंतर दोन महिन्यांनी आला खरा, पण आला तो २.१ ही जुनी आवृत्ती घेऊन. त्यामुळे पुढचे अपडेट मिळेपर्यंत त्याच्या मालकाने कितीही मोठे कार्ड घातले तरी ॲपच्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता.

अपडेट लगेच का मिळत नसे, असा आक्षेप इथे येणे स्वाभाविक आहे. गूगलने नवी आवृत्ती सोडली म्हणजे ती प्रत्येक फोनात पोहोचली असे होत नाही. धरणातून पाणी सोडले तरी कालव्याच्या टेलवरच्या शेतकऱ्याला ते शेवटी आणि उरलेसुरलेच मिळते, तसा हा मार्ग आहे. आधी चिप बनवणाऱ्याने आपल्या चिपला समजेल असा भाग नव्याने लिहायचा, मग फोन बनवणाऱ्याने त्यात स्क्रीन, कॅमेरा आणि कीबोर्ड बसवून पाहायचा, मग मोबाइल कंपनीने आपल्या जाळ्यावर त्याची चाचणी घ्यायची. सरकत्या कीबोर्डचा फोन असेल तर स्क्रीन फिरवण्याची आणि बटणांची तपासणी आणखी वाढते. या प्रत्येक पायरीला माणसे आणि पैसा लागतो, आणि ज्या फोनवर नफा कमी त्याच्यासाठी तो खर्च करायला कोणी उत्सुक नसतो. जी-१ला शेवटचे अधिकृत अपडेट १.६ या आवृत्तीचे मिळाले, तेही तो बाजारात येऊन जेमतेम वर्ष होत असताना. ऑपरेटिंग सिस्टिम आणि चिपशी बोलणारा भाग एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची पक्की व्यवस्था अँड्रॉइडमध्ये आली ती थेट २०१७मध्ये.

मग बटणांना हरवले कोणी?

जी-१ बाजारात आला तेव्हा अँड्रॉइडमध्ये काचेवरचा कीबोर्डच नव्हता. चार अक्षरांचा पासवर्ड टाकायचा असला तरी फोन आडवा करून सरकवावा लागे. एप्रिल २००९मध्ये १.५ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर काचेवरचा कीबोर्ड आला. यानंतर बटणे नसलेला अँड्रॉइड फोन बनवणे शक्य झाले. भारतात २००९मध्ये एअरटेलने आणलेला पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी मॅजिक, बटणांच्या कीबोर्डविनाच होता.

पण अक्षरे अरुंद आणि बोट जाड, ही अडचण राहतेच. ती सोडवली अंदाजाने. औषधाच्या दुकानातला माणूस डॉक्टरांचे अक्षर कसे वाचतो, ते आठवून पाहावे. त्याला प्रत्येक अक्षर दिसत नसते. पण अशा आकाराचे, या आजारावरचे, या मात्रेत मिळणारे औषध कोणते, हे त्याला ठाऊक असते. काचेवरचा कीबोर्डही तसेच करतो. बोट दोन अक्षरांच्या मध्ये पडले तर त्याआधी कोणती अक्षरे आली, कोणता शब्द तयार होऊ शकतो आणि शेजारचे अक्षर किती जवळ होते, यांचा हिशेब मांडून तो निवड करतो. पोलादाच्या चकतीला हे जमणे शक्यच नाही, कारण तिला फक्त दाबले किंवा न दाबले एवढेच कळते. बोट मध्यावर पडले की कडेला, ही माहिती तिच्याकडे नसते. चिपा वेगवान आणि मेमरी मोठी होत गेली तसा हा अंदाज सुधारत गेला. काच मोठी झाली, अंदाज चांगला झाला, आणि सरकत्या भागाची जाडी, वजन व मोडतोड मात्र होती तशीच राहिली. त्या जाडीत मोठी बॅटरी मावत होती. मग कंपन्यांनी काय निवडले असेल, हे उघड आहे.

आणखी एक कारण व्यापाराचे होते. फ्रान्समध्ये अक्षरांची मांडणी वेगळी, जर्मनीत वेगळी, रशियात लिपीच वेगळी. बटणांवर अक्षरे छापली की प्रत्येक देशासाठी वेगळा माल तयार करून तो साठवावा लागतो, आणि एका देशात उरलेला दुसऱ्या देशात खपत नाही. काचेचा एकच फोन मात्र कुठेही पाठवता येतो.

पण न बघता लिहिता येत होते, त्याचे काय?

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो केवळ जुन्या सवयीचा प्रश्न नाही. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी बटणे ही अँड्रॉइड फोनमध्ये शिरायची मुख्य वाट होती. २००९मध्ये अँड्रॉइड १.६बरोबर स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारी टॉकबॅक ही सोय आली, पण तेव्हा ती वापरण्यासाठी फोनवर बटणे आणि इकडून तिकडे जाण्यासाठी फिरता गोळा किंवा दिशांची बटणे असावी लागत. जी-१वर दोन्ही होते. सपाट काचेवर बोट फिरवावे आणि बोटाखाली काय आहे ते फोनने बोलून सांगावे, ही सोय थेट ४.०मध्ये, म्हणजे २०११ साली आली. मधल्या काळात बिनबटणांचा स्वस्त फोन अंध माणसाच्या हाती दिला, तर त्याच्यासाठी ती नुसती गुळगुळीत पाटी होती.

गूगलमध्ये या कामाच्या अग्रभागी टी. व्ही. रामन होते. पुण्यात वाढलेले, वयाच्या चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेली, वाडिया महाविद्यालयात गणित शिकून पुढे आयआयटी मुंबई आणि मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेलेले हे संगणकशास्त्रज्ञ. त्यांनी आणि चार्ल्स चेन यांनी त्या दिवसांत न बघता फोन लावण्याची जी युक्ती केली, ती समजून घेण्यासारखी आहे. काचेवर ‘५’ कुठे आहे हे शोधायला लावण्याऐवजी, बोट काचेवर जिथे कुठे प्रथम टेकेल तीच जागा ‘५’ मानायची. तिथून बोट वर सरकवले की ‘२’, डावीकडे वर सरकवले की ‘१’, सरळ उजवीकडे नेले की ‘६’, आणि बोट उचलले की तो आकडा पक्का. जागा लक्षात ठेवायची गरज उरत नाही, दिशा पुरते. बटण बोटाला जो आधार देत होते, तो या युक्तीने सपाट काचेतून मिळवला.

मराठीला त्या बटणांचा काय उपयोग होता?

बटणांचे दिवस आठवून हळहळणाऱ्या मराठी माणसाने या प्रश्नाकडे जरूर पाहावे. त्या बटणांवर इंग्रजीची २६ अक्षरे छापलेली होती. आपल्याला स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह, शिवाय ‘ळ’ आणि ‘दुसऱ्या’ या शब्दात लागणारा तो अर्धा ‘र’ हवा. चाळीस बटणांत ते बसवायचे तर एकेका बटणावर दोन-तीन अक्षरे येणार, आणि ती बटणावर छापलेली नसल्यामुळे पाठ करावी लागणार. आपण ‘कसा आहेस’ हे रोमन अक्षरांत लिहायला शिकलो, त्यात हाताशी असलेल्या बटणांचा मोठा वाटा आहे.

लिहिणे दूरच, वाचणेही अवघड होते. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांत देवनागरीचा फाँट नसल्यामुळे मराठी संकेतस्थळ उघडले की रिकाम्या चौकटींच्या ओळी दिसत. फाँट कसाबसा घातला तरी पुढे मांडणीचा प्रश्न येई. ‘हिंदी’ लिहिताना फोन ‘ह’ आधी साठवतो आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर, पण काढायची असते ती ‘ह’च्या आधी. तसेच ‘क’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ‘ष’ असे तीन तुकडे साठवलेले असतात, पण दिसायला हवा ‘क्ष’. हे जुळवून दाखवणारा भाग सिस्टिममध्ये नसेल तर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरे फुटतात. तेव्हा जाणकार मंडळी ऑपेरा मिनी ब्राउझरच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन एक पर्याय सुरू करत, मग मजकूर दूरच्या सर्व्हरवर चित्र बनून येई आणि फोनला अक्षरे जुळवावीच लागत नसत. त्या पर्यायाचा पत्ता लोक एकमेकांना कागदावर लिहून देत. काही कंपन्यांनी भारतात विकलेल्या फोनांत आपापली सोय केली होती, पण अँड्रॉइडमध्ये मुळातच देवनागरीचा फाँट आला तो २०११च्या ४.० आवृत्तीपासून, आणि मांडणी पुढच्या आवृत्त्यांत सुधारत गेली.

त्यानंतर काचेवर जे शक्य झाले, ते छापील बटणांवर कधीच झाले नसते. २०१३च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रातून स्वरचक्र हा कीबोर्ड आला. त्यात व्यंजने शाळेच्या तक्त्याप्रमाणे वर्गवार मांडलेली आहेत. ‘क’वर बोट टेकवले की त्याच्याभोवती एक चक्र उमलते आणि त्यात का, कि, की, कु, कू, के, को अशी बाराखडी दिसते, बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवले की ते अक्षर उमटते. ‘क’च्या चक्रातला पाय मोडायचा भाग निवडला आणि मग ‘त’वर बोट ठेवले, तर चक्रात ‘क्ता’, ‘क्ती’, ‘क्ते’ तयार होऊन समोर येतात. चार दिवस वापरले की ‘की’ कोणत्या दिशेला आहे हे बोटाला पाठ होते, आणि ‘क’वरची ती दिशा ‘म’वर, ‘ळ’वर आणि ‘ज्ञ’वरही तीच राहते.